फोरमनच्या नावाची पेटी

हार्डविकच्या कोर्टाच्या दाराशी नोटिशींचा एक फळा आहे. तो नेमानं वाचणारं माणूस सगळ्या टॉलिव्हर काउंटीत, एवढ्या अख्ख्या जिल्ह्यात, एकच उरलं होतं, ते म्हणजे ड्रूसिला प्रूएट. बाकीचे लोक फार तर हरवलेल्या कुत्र्यांचे फोटो बघत आणि आत जात. ड्रूसिलानं याच इमारतीत तेहेतीस वर्षं स्टेनोगिरी केली होती, आणि या काउंटीच्या कोर्टात स्टेनोच्या खुर्चीवर बसलेली ती पहिली काळी बाई. निवृत्त होऊनही वीस वर्षं झाली. एकोणऐंशीव्या वर्षी तिचे गुडघे कामातून गेले होते, एका कानानं राजीनामा दिला होता, पण डोळे शाबूत होते आणि जिभेला तर गंज म्हणून चढला नव्हता.

कंबर धरल्यामुळे ती महिनाभर घरात पडून होती. त्या मंगळवारी पहिल्यांदाच बाहेर पडली आणि सवयीनं फळ्यापुढे थांबली. नवा कागद होता, म्हणजे तिला नवा. लावून सत्तावीस दिवस झाले होते. "नष्ट करावयाचे जुने दस्त." जुने कागद फाडण्याआधी तीस दिवस अशी यादी चारचौघांत लावायची, असा राज्याचा कायदा आहे. चारचौघं ती वाचत नाहीत, ही कायद्याची चूक नव्हे. शुक्रवारी सकाळी कागद फाडणारी गाडी येणार होती.

ड्रूसिलानं यादीवरून बोट फिरवायला सुरुवात केली. रस्त्यांचे जुने नकाशे. कुत्र्यांचे परवाने. आणि मग: "पेटी ११४. स्टबलफील्ड, वसंत सत्र १९७९. किरकोळ."

तिचं बोट तिथंच थांबलं.

"किरकोळ," ती मोठ्यानं म्हणाली. "तुमच्या तोंडात माती पडो."

हार्लन स्टबलफील्ड हा कोणी आरोपी नव्हता. तो होता बियाण्यांचा दुकानदार, आणि त्या साली ग्रँड ज्युरीचा फोरमन, म्हणजे म्होरक्या. ग्रँड ज्युरी म्हणजे अठरा माणसं बंद दाराआड बसतात, साक्षी ऐकतात आणि कोणावर खटला भरायचा की नाही ते ठरवतात. आत काय झालं ते बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ. खटला भरलाच नाही तर त्याला नंबर पडत नाही, आणि ज्याच्यावर काही शाबीत झालं नाही त्याचं नाव पेटीवर लिहिणं बरं दिसत नाही. म्हणून टॉलिव्हरच्या त्या वेळच्या हेडक्लार्कनं आपली एक पद्धत पाडली होती: असे कागद फोरमनच्या नावानं ठेवायचे. पद्धत कुठंही लिहून ठेवलेली नव्हती. ती माहीत असलेली माणसं तीन, त्यातली दोन कबरीत होती.

तिसरी फळ्यापुढे उभी होती, आणि तिला पेटीत काय आहे ते पक्कं ठाऊक होतं. तिनंच ते लिहिलं होतं.

*

इर्मा जीन रीव्ह्ज ओसरीवर बसून वाटाणे सोलत होती. ड्रूसिलाची गाडी दाराशी थांबलेली पाहून ती उठली नाही की हसली नाही. दोघी एकाच वस्तीत वाढल्या, एकाच चर्चमध्ये गायल्या, आणि गेली शेहेचाळीस वर्षं एकमेकींशी हवापाण्यापलीकडे बोलल्या नव्हत्या.

"वाट चुकलीस काय?" इर्मा जीन म्हणाली.

"तू कोर्टाकडे अर्ज केला होतास ना? अल्टनच्या साक्षी मागायला?"

इर्मा जीनचे हात थांबले. अल्टन तिचा धाकटा भाऊ. चोविसाव्या वर्षी, मार्च एकोणऐंशीमध्ये, काउंटीच्या तुरुंगात मेला. गाडी रस्त्यात वेडीवाकडी चालली म्हणून शनिवारी पकडला, सोमवारी मेलेला सापडला. मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलं होतं: अति मद्यपान. ग्रँड ज्युरी बसली, उठली, आणि खटला भरण्यासारखं काही नाही असा शिक्का मारून मोकळी झाली. अल्टननं आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. त्याला साखरेचा आजार होता, रोज सुई घ्यायचा; सुई चुकली की तोंडाला फळं सडल्यासारखा वास यायचा. हे त्याची आई मिस ओडेसा मरेपर्यंत ज्याला त्याला सांगत राहिली, आणि लोक मान डोलवून "हो हो" म्हणत राहिले, दारुड्यांच्या आयांना म्हणतात तसं.

"केला होता," इर्मा जीन म्हणाली. "गेल्या साली नवा कायदा झाला ना. चाळीस वर्षं उलटली असली, मेलेल्याचं सख्खं माणूस मागत असलं, तर जज साक्षी खुल्या करू शकतो. टीव्हीवर सांगितलं, म्हणून केला. उत्तर आलं, रीव्ह्ज नावाची काही नोंदच नाही म्हणे. आम्ही जन्मलोच नाही बहुतेक."

"नाव चुकलं. स्टबलफील्डच्या नावानं माग."

"म्हणजे आहे?"

"पेटी आहे. शुक्रवारी फाडणार आहेत."

इर्मा जीननं टोपली खाली ठेवली. मग म्हणाली, "पेटी मरू दे. तू होतीस ना त्या खोलीत? तू ऐकलंस सगळं. आत्ता सांग. माझ्या तोंडावर सांग."

"नाही सांगता येत."

"अजून?"

"जज हो म्हणेपर्यंत नाही. मी आज तुला ओसरीवर सांगितलं, तर उद्या ते म्हणतील, म्हातारीनं शपथ मोडली, हिच्या शब्दावर काय भरवसा. मग पेटी मिळूनही उपयोग नाही. पेटीत माझ्या स्टेनो-यंत्राची कागदी पट्टी आहे, ती माझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, इर्मा. मला खरं राहिलंच पाहिजे."

"खरं राहायचं म्हणे!" इर्मा जीन तडकली. "माझी आई तुझ्या दारात आली होती. आठवतं? म्हणाली, तू बोलू नकोस, बाळ. कोणी आत म्हणालं का की माझा पोरगा आजारी होता, एवढंच. म्हणालं असेल तर नुसती मान हलव. आणि तू खांबासारखी उभी राहिलीस."

ड्रूसिलाला आठवत होतं. मिस ओडेसा चर्चची टोपी घालून आली होती, मानाच्या घरी जावं तशी. मान हलवायला काय लागतं? ती हलली नव्हती. ड्रूसिलानं दार हळूच लावून घेतलं होतं.

"आठवतं," ती म्हणाली. "आता भांडत बसायचं असेल तर बस. मी आपली कोर्टात चालले. अर्जावर सही तुझी लागते."

इर्मा जीननं शिव्या घालतच चपला बदलल्या.

*

क्लार्कच्या काउंटरमागे कँडेस नावाची गोडबोली पोरगी होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये तीनदा रीव्ह्ज शोधलं आणि तीनदा नाही म्हणाली.

"अगं, मी रीव्ह्ज म्हटलंच नाही," ड्रूसिला म्हणाली. "फळ्यावर तुझ्याच हातचा कागद आहे. पेटी एकशे चौदा. वर काढ, आणि अशी पावती दे की अर्ज आजच्या तारखेला आला."

"मिस ड्रूसिला, ती यादी मंजूर झालेली आहे. आता त्यात बदल करायचा म्हणजे..."

"म्हणजे जजपुढे जायचं. जाऊ की. तळमजल्यावर गाडी लावायला जागा आहे, बसायला बाक आहे, आणि माझ्याकडे मरेपर्यंत वेळ आहे."

मागच्या रांगेत कोणीतरी खुदकन हसलं. कँडेसनं अर्ज घेतला.

जज ल्युएला टिंडल यांनी गुरुवारी सकाळी सुनावणी ठेवली. गाडी यायच्या जेमतेम चोवीस तास आधी. काउंटीचा वकील ब्रेडन हॉलिस याला हे अजिबात रुचलं नाही. अडतीस वर्षांचा, इस्त्रीतला, दात पांढरेशुभ्र. त्याला त्या जुन्या प्रकरणाशी काही देणंघेणं नव्हतं, पण नव्या तुरुंगाला त्या वेळच्या शेरीफचं, म्हणजे तेव्हा तुरुंग ज्याच्या ताब्यात होता त्याचंच, नाव होतं, दारावर हातभर अक्षरांत, आणि काउंटीच्या मंडळाला ती अक्षरं पुसायची नव्हती. गुरुवारी त्यानं ड्रूसिलाला कोर्टाबाहेर बरोबर गाठलं.

"मिस ड्रूसिला! काय तब्येत? आमची आजी नेहमी तुमचं नाव काढायची. म्हणायची, सगळ्या काउंटीत पोटात गोष्ट ठेवावी ती ड्रूसिलानंच."

"तुझी आजी माझ्याशी दोन वाक्यं बोलली असेल सगळ्या जन्मात," ड्रूसिला म्हणाली. "मुद्द्यावर ये."

तो हसला, पण कमी हसला. "तुम्हाला त्रास होऊ नये एवढंच बघतोय मी. शपथ जन्मभराची असते. जजनं परवानगी द्यायच्या आधी एक शब्द जरी निसटला, तर तो गुन्हा होतो. या वयात कशाला? शिवाय खरं सांगा, शेहेचाळीस वर्षांपूर्वीची ती कागदाची पट्टी... तुम्हाला तरी लागेल का आता?"

"पोरा," ड्रूसिला म्हणाली, "तू जन्मायच्या आधीपासून मी तोंड बंद ठेवलंय. ते कसं ठेवायचं हे तू मला शिकवू नकोस. आणि कधी उघडायचं तेही शिकवू नकोस."

*

पेटी टेबलावर होती. पुठ्ठ्याची, कोपरे उंदरांनी चाखलेले. जजसाहेबांनी शिक्का फोडला आणि आतून घड्यांच्या पट्ट्यांचे गठ्ठे काढले. चार बोटं रुंदीचा कागद, त्यावर फिकट जांभळी अक्षरं, एका ओळीत दोन, कुठं पाच, मध्येच मोकळी जागा. बघणाऱ्याला वाटावं, यंत्र बिघडलं होतं.

हॉलिस उभा राहिला. "जजसाहेब, काउंटीचं म्हणणं साधं आहे. कायदा 'साक्षी' खुल्या करायला सांगतो. इथं साक्षी नाहीतच. खटला भरला नाही, म्हणून कोणी या पट्ट्या टाइप करून घेतल्या नाहीत. स्टेनोच्या खुणा म्हणजे दस्त नव्हे. आम्ही राजधानीतल्या दोन स्टेनोंना मिसेस प्रूएट यांच्याच दुसऱ्या पट्ट्यांचे फोटो पाठवले. दोघींनी हात टेकले. जे कोणालाच वाचता येत नाही ते जपायचं कशाला?"

"मला येतं," ड्रूसिला बसल्या जागेवरून म्हणाली.

"तुमची पाळी आली की बोला, मिसेस प्रूएट," जज म्हणाल्या. मग जरा थांबून, "आली. बोला."

ड्रूसिला काठी टेकत उभी राहिली. "राजधानीतल्या पोरींना नाही यायचं ते. आमच्या वेळी यंत्र सगळ्यांना एकच मिळायचं, पण हात ज्याचा त्याचा. मिनिटाला दोनशे शब्द पळतात, पूर्ण लिहायला सवड कुणाला? जो तो आपापली आखूड रूपं बांधायचा. 'शेरीफ' म्हणजे मी एक कळ दाबायची, 'मला आठवत नाही' याला दोन. ती सगळ्यात जास्त लागायची." बाकांवर हशा पिकला. "माझी रूपं माझ्या डोक्यात आहेत, जजसाहेब. आणि डोकं इथंच आहे."

"आम्हाला कसं कळणार की त्या वाचताहेत, रचत नाहीत?" हॉलिस म्हणाला. "मृताच्या बहिणीला हवं तेच त्या वाचतील. एकाच चर्चमधल्या आहेत दोघी."

जज टिंडल यांनी चष्मा काढला. प्रश्न वाजवी होता, हे ड्रूसिलालाही मान्य होतं. चीड आली ती त्याच्या चर्च या शब्दावर. दोघी काळ्या, म्हणून दोघी खोट्या, असं म्हणायचं होतं त्याला, पण धुतलेल्या शब्दांत.

"परीक्षा घ्या माझी," ती म्हणाली. "त्याच साली मी लिहिलेली कुठलीही दुसरी पट्टी काढा, जिचा टाइप केलेला कागद फायलीत असेल. मी पट्टी वाचते, वकीलसाहेबांनी कागद धरावा. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर मीच ही पेटी उचलून गाडीत टाकते."

इर्मा जीननं मागून तिच्या झग्याला हिसका दिला. "अगं, शहाणे!" ती कुजबुजली. "पेटी तुझी नाही पणाला लावायला."

पण जजसाहेबांनी माणूस खाली पाठवलाही होता.

आली ती पट्टी एका डुकराच्या खटल्याची. कुणा बिगलोचं डुक्कर कुणा टाकेटच्या रताळ्यांत शिरलं होतं, आणि त्यावरून तीन दिवस चार वकील घसा फोडत होते. हॉलिसनं टाइप केलेला कागद हातात घेतला. ड्रूसिलानं पट्टी डोळ्यांजवळ धरली. पहिल्या दोन ओळी ती चाचपडली. बोटं टेबलावर कळा शोधू लागली, आणि बोटांना सापडलं तसं तोंडाला सापडलं. मग ती सुटली.

"'प्रश्न: डुकराला कुंपणातून आत येताना तुम्ही पाहिलंत? उत्तर: कुंपणच डुकरासोबत आत आलं, साहेब. प्रश्न: ते बिगलोचंच डुक्कर कशावरून? उत्तर: बिगलोसारखंच चालत होतं.'"

कोर्टात हसू दाबलेलं ऐकू येत होतं. हॉलिसचं बोट कागदावरून सरकत होतं, ओळ, पुढची ओळ, शब्दाला शब्द. दीड पान झालं. मग ड्रूसिलानं वाचलं, "'बिगलोचे वकील: हरकत आहे. हा साक्षीदार गाढव आहे आणि याचा वकील त्याहून मोठं गाढव आहे.'"

"थांबा!" हॉलिसनं कागद उंच धरला. त्याचा आवाजच बदलला. "इथं हे नाही. इथं फक्त 'हरकत आहे' एवढंच आहे. एक शब्द म्हणाल्या होत्या, जजसाहेब. इथं पुरतं वाक्य जास्तीचं आहे."

इर्मा जीननं डोळे मिटून घेतले. ड्रूसिलानं पट्टी खाली केली, आणि पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन तीच ओळ पाहिली. मग तिला आठवलं, आणि ती हसायलाच लागली.

"टाइप करताना आम्ही धुवायचो, जजसाहेब. वकील वकिलाला गाढव म्हणाला की तेव्हाचे जज म्हणायचे, ड्रूसिला, एवढं गाळ, याची बायको माझ्या बायकोबरोबर पत्ते खेळते. आम्ही गाळायचो. सगळ्याच स्टेनो गाळायच्या. पण पट्टीवर गाळता येत नाही. बोट पडलं की पडलं. त्याच ठिकाणी कागदाच्या कडेला बघा, पेन्सिलीची फुली असेल. गाळलं की मी फुली करायची, उगाच कधी कुणी विचारलं तर."

जजसाहेबांनी हात पुढे केला. हॉलिसनं कागद दिला, आणि तो देतानाच त्याची नजर कडेला गेली होती, कारण त्याचे खांदे पडले. फुली होती. शेहेचाळीस वर्षांची, फिकी, पण फुली.

"म्हणजे," जज टिंडल सावकाश म्हणाल्या, "टाइप केलेल्या कागदापेक्षा पट्टी जास्त खरी. काउंटीला आणखी काही म्हणायचं आहे?"

"मला वर दाद मागायची आहे. तोवर स्थगिती द्यावी."

"मागा. स्थगिती नाही. साक्षी खुल्या करण्याचा हुकूम मी आत्ता देते आहे. ज्युरींची आपसातली चर्चा बंदच राहील. ही पेटी कायमची जपायची. मिसेस प्रूएट, या साक्षीपुरती तुमची शपथ सुटली. वाचा. स्टेनो लिहून घेतील."

ड्रूसिलानं पहिला गठ्ठा उचलला. तिनं इर्मा जीनकडे पाठ केली नाही. अर्धी वळून, जजकडेही तोंड राहील आणि तिच्याकडेही, अशी उभी राहिली.

"साक्षीदार जुबल पाइक. धंदा, तुरुंगातला स्वयंपाकी. 'प्रश्न: तुम्ही मृताला पाहिलंत का? उत्तर: रविवारी तीनदा ताट घेऊन गेलो. ताटाला त्यानं हात लावला नाही. पाणी मागत होता, प्यायचा आणि पुन्हा मागायचा. प्रश्न: काही बोलला? उत्तर: म्हणाला, माझी सुई आणा. घरी आईकडे आहे. आईला फोन करा, ती लगेच आणून देईल. प्रश्न: तुम्ही ते कुणाला सांगितलंत? उत्तर: जेलरला सांगितलं. दोनदा. ते म्हणाले, पिऊन पडलाय, झोपला की उतरेल. प्रश्न: त्याच्या तोंडाला वास येत होता ना? उत्तर: येत होता. प्रश्न: दारूचा? उत्तर: नाही साहेब. माझा बाप दारूनं मेला आणि भाऊ मरतोय. मला दारूचा वास झोपेतही कळतो. हा वास सडक्या फळांसारखा होता. त्या पोरानं थेंबही घेतला नव्हता. प्रश्न: आम्ही तुम्हाला मत विचारलेलं नाही. जा.'"

तिनं पट्टीची घडी उलटली. "इथं साक्ष संपते."

इर्मा जीन रडत नव्हती. तिनं दोन्ही हात पुढच्या बाकावर ठेवले होते आणि ती त्या हातांकडे बघत होती.

*

बाहेरच्या बोळात दोघी भिंतीपाशी उभ्या राहिल्या. लोक येत होते, हात दाबत होते, जात होते. बोळ रिकामा झाल्यावर इर्मा जीन बोलली.

"जेमतेम दीड मैलावर होतं आमचं घर. आईनं पळत आणली असती सुई."

"हो."

"आणि तुला हे त्याच वर्षी ठाऊक होतं. ती तुझ्या दारात उभी होती, तेव्हाही ठाऊक होतं." आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "तू नुसती मान हलवली असतीस, तर काय बिघडलं असतं, ड्रूसिला?"

या प्रश्नाचं उत्तर ड्रूसिलानं शेहेचाळीस वर्षं घासूनपुसून ठेवलं होतं. शपथ. कायदा. बाई असून, काळी असून मिळालेली खुर्ची, ती गेली असती तर पुढची दहा वर्षं कुणाला मिळाली नसती. मी गेले असते तर पट्टी कुणी वाचली असती? सगळं खरं होतं. उत्तर जिभेवर आलं, आणि तिला त्याची शिसारी आली.

"माझं बिघडलं असतं," ती म्हणाली. "तुमचं काही बिघडलं नसतं. मी घाबरले होते, इर्मा. शपथ आडोशाला बरी पडली."

इर्मा जीननं तिच्याकडे नीट पाहिलं. माफ केलं असं त्या नजरेत काही नव्हतं. आजही नाही.

"बरं झालं बोललीस," ती म्हणाली. "चल. मला सही-शिक्क्याची प्रत पाहिजे. आज."

काउंटरवर लांब रांग होती. लग्नाचे परवाने, ज्युरीची समन्सं, जमिनीचे उतारे. कँडेसनं हुकूम वाचला आणि गोड आवाजात म्हणाली, "प्रत मिळायला दहा दिवस लागतील हं. कामाचे."

"टाइप मीच करणार आहे," ड्रूसिला म्हणाली. "त्याला दहा दिवस नाही, वीस मिनिटं लागतात. ते यंत्र दे इकडे."

"मिस ड्रूसिला, काउंटरच्या आत बाहेरच्या माणसांना..."

ड्रूसिलानं काउंटरची आडवी फळी उचलली आणि ती आत गेली. रिकाम्या टेबलाशी बसली, पट्टी डाव्या हाताला लावली आणि टाइप करू लागली. कँडेस वर जजच्या खोलीकडे फोन फिरवू लागली. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण तिनं फोन ठेवला आणि मुकाट्यानं शिक्का काढून टेबलावर ठेवला. रांग थांबली होती. पुढचं नाव कोणी पुकारत नव्हतं आणि कोणी कुरकुरतही नव्हतं.

पान बाहेर आलं. ड्रूसिलानं एक शब्दही धुतला नव्हता. तिनं सही केली, शिक्का मारला आणि पान काउंटरवरून सरकवलं.

इर्मा जीननं ते मनातल्या मनात वाचलं. मग ती रांगेकडे तोंड करून उभी राहिली. रांगेत तिच्या वयाची चार-पाच तरी माणसं होती, गोरी आणि काळी, जी या गावात तेव्हाही होती.

"अल्टन रीव्ह्ज," ती मोठ्यानं वाचू लागली. "वय चोवीस. 'त्या पोरानं थेंबही घेतला नव्हता.'"

"बाई, इथं जरा हळू..." कँडेस म्हणाली.

इर्मा जीननं श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं, या खेपेला इतक्या मोठ्यानं, की वरच्या मजल्यावरची दारं उघडली.